बाई, मला यातलं काय कळणार?

फेब्रुवारी तोंडावर आला की या सदराच्या टपालात विज्ञान दिनाची पत्रं यायला लागतात. यंदा जरा जास्तच आली. पत्रं जागेअभावी थोडी कापली आहेत. उत्तरंही कापा, असं संपादकांचं म्हणणं होतं, पण ते मी ऐकलेलं नाही.

नातू अकरावीत आहे. गेल्या वर्षी विज्ञान दिनाला शाळेतर्फे इंदूरच्या कॅटला (सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी या संशोधन केंद्राला) जाऊन आला आणि आठवडाभर दुसरं काही बोलत नव्हता. कॅट रोडवरून माझं रोजचं जाणं-येणं, पण फाटकाच्या आत काय आहे ते कधी पाहिलं नाही. या वर्षी जमलं तर जावं, एखादं व्याख्यान ऐकावं असं मनात आहे. घरात म्हटलं तर सून हसली, मुलगा म्हणाला, ‘आई, तिथं काय कीर्तन आहे का?’ मी बी.ए., तेही संस्कृत घेऊन. बाई, मला यातलं काय कळणार?
— सौ. कु. दे., राजेंद्रनगर

ताई, खुशाल जा. सगळं कळणार नाही. पण सभागृहात बसलेल्यांपैकी सगळं कुणालाच कळत नसतं, फक्त पुढच्या दोन रांगांतले लोक तसं दाखवत नाहीत.

आणि मुलाला सांगा, हो, कीर्तनच आहे. पूर्वरंगातलं निरूपण ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात उतरतं असं थोडंच आहे? तरी माणसं उठून जात नाहीत, कारण उत्तररंग यायचा असतो. व्याख्यानाचा उत्तररंग म्हणजे शेवटची प्रश्नोत्तरं. वक्ता लिहून आणलेलं संपवतो, पाणी पितो आणि मग खरं बोलायला लागतो. माझं तर म्हणणं असं की पाऊण तास डुलकी लागली तरी चालेल, पण प्रश्नांच्या वेळी जागं असावं.

आत काय आहे ते थोडक्यात सांगते, म्हणजे अगदीच अनोळखी वाटणार नाही. १९ फेब्रुवारी १९८४ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते कोनशिला बसली. १९८६ मध्ये मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातली लेसरवर काम करणारी पहिली तुकडी इथं आली. २००५ मध्ये केंद्राला डॉ. राजा रामण्णा यांचं नाव मिळालं, पण रिक्षावाल्याला आजही ‘कॅट’च सांगावं लागतं. मुख्य कामं दोन, लेसर आणि कणांना वेग देणारी यंत्रं. त्यातली इंडस-१ आणि इंडस-२ ही दोन यंत्रं नातवानं तुम्हाला सांगितलीच असतील. इंडस-२ चं कडं सुमारे १७२ मीटर परिघाचं. त्यातून इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फिरतात. भागाकार नातवाकडून करून घ्या, सेकंदाला १७ लाखांहून जास्त फेऱ्या निघतील. मोठमोठी चुंबकं त्या इलेक्ट्रॉनांना वळवतात आणि वळताना ते प्रकाश टाकतात, अगदी क्ष-किरणांपर्यंतचा. तो प्रकाश नळ्यांतून बाजूच्या खोल्यांत न्यायचा आणि त्याच्या उजेडात कुणी प्रथिनाची रचना तपासायची, कुणी एखाद्या मिश्रधातूची. एवढं डोक्यात ठेवून गेलात तरी पुष्कळ.

आता मुद्द्याचं. मोठ्या पाहुण्यांचं भाषण ऐका, मान द्या, पण मुक्काम ठोका तो टेबलापाशी उभ्या असलेल्या तरुण मुलामुलींजवळ किंवा केस पिकलेल्या तंत्रज्ञाजवळ. सकाळपासून त्यांनी तेच तेच वाक्य इतक्या वेळा म्हटलेलं असतं की तुम्ही समोर आलात की टेप सुरू होते. ती टेप थांबवायची असेल तर ‘हे काय आहे?’ असं विचारू नका. ‘यातलं सगळ्यात जास्त काय बिघडतं?’ असं विचारा.

ही युक्ती माझी नाही, माझ्या वर्गातल्या एका मुलाची आहे. मागच्या बाकावरचा, वडिलांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. मुलांना घेऊन एका प्रयोगशाळेत गेले होते. तिथले गृहस्थ निर्वात नळीविषयी सांगत होते. इलेक्ट्रॉन तासन्‌तास फिरत राहायचे तर वाटेत हवेचे रेणू आडवे येता कामा नयेत, म्हणून नळीतून हवा जवळपास सगळी काढून टाकतात, वगैरे. मुलं माना डोलवत होती. या पठ्ठ्यानं विचारलं, ‘सर, लीक झालं तर पंक्चर कसं शोधता? पाण्यात तर बुडवता येत नाही.’

त्या गृहस्थांनी हातातली छडी खाली ठेवली. पुढची वीस-पंचवीस मिनिटं आमची कुणाची सुटका नव्हती. हेलियमचं सिलिंडर, त्याला बारीक नळी, नळीला सुईसारखं तोंड. आतून पंप चालू, पंपाला हेलियम ओळखणारं यंत्र जोडलेलं. बाहेरून प्रत्येक जोडावर हेलियमची बारीक फुंकर मारत जायचं. जिथं भेग असेल तिथून हेलियम आत शिरतो आणि यंत्राचा काटा उडतो. ‘पण सुरुवात वरच्या जोडापासून करायची,’ ते म्हणाले, ‘कारण हेलियम हलका, वर चढतो. खालून सुरू केलंत तर भेग वरच्या जोडात असते आणि तुम्ही खालच्याला दोष देता.’ हे सांगताना त्यांची बोटं हवेत एकेक जोड चाचपत होती. पुस्तकात निर्वातावर जेमतेम पान-दोन पानं असतात. त्यात वरून सुरुवात करायचं कुठं लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही.

एक प्रयोग अशा ठिकाणी बहुधा असतोच, तो चुकवू नका. थर्मोकोलच्या वाटीत बिस्किटाएवढी काळी चकती असते. तिच्यावर द्रवरूप नायट्रोजन ओततात, उणे १९६ अंशांचा. चरचर आवाज होतो, पांढरा धूर टेबलावरून खाली सांडतो. आवाज शांत झाला की वर एक छोटं चुंबक ठेवतात आणि ते अधांतरी राहतं. मुलं टाळ्या पिटतात आणि पुढच्या टेबलाकडे पळतात. तुम्ही पळू नका. चिमट्यानं चुंबक किंचित ढकलायला सांगा. दोन चुंबकं एकमेकांना नुसती ढकलत असती तर वरचं केव्हाच घसरून पडलं असतं. हे घसरत नाही, जागच्या जागी गोल फिरतं. का, ते विचारा. चकतीत चुंबकाच्या रेषा जागोजागी अडकून बसतात, असं काहीतरी उत्तर येईल. मग शेवटपर्यंत थांबा. नायट्रोजन उडून गेला, चकती उणे १८० अंशांच्या वर तापली की चुंबक टपकन खाली बसतं. तोवर गर्दी पांगलेली असते आणि सांगणाऱ्यालाही जरा उसंत मिळालेली असते.

आता व्यवहाराचं. हे अणुऊर्जा विभागाचं ठिकाण आहे, वाटलं म्हणून फाटकाशी गेलं की आत सोडतील असं नाही. कुणाला, कधी आणि कोणती नोंदणी करून प्रवेश आहे ते त्या त्या वर्षीच्या सूचनेत पाहावं लागतं. केंद्राचं संकेतस्थळ नातवाला आत्तापासूनच बघत राहायला सांगा. ओळखपत्र जवळ ठेवा, मोबाइल घरी ठेवायची तयारी ठेवा आणि पायांत चालायचे बूट घाला. तिथं प्रवेश नाहीच जमला तर आपल्या गावात सिमरोलला आयआयटी आहे, १८९१ पासूनचं होळकर सायन्स कॉलेज आहे. विज्ञान दिनाच्या आसपास अशा ठिकाणी चौकशी केली तर काही ना काही हाती लागतं. आणि पुण्याला लेकीकडे वगैरे जाणं होत असेल तर ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेत शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं होतात, तीही चौकशी करा. मुलांसाठी केलेलं व्याख्यान आपल्या वयाला फार मानवतं.

कॅटमध्ये किरणोत्सर्ग असतो म्हणे. मुलीला शाळेच्या सहलीबरोबर पाठवणं सुरक्षित आहे का? आमच्या कॉलनीत एक जण सांगत होते की तिथं बॉम्बचं काम चालतं.
— रा. गो., महू

कॉलनीतले ते एक जण प्रत्येक कॉलनीत असतात.

इंडस ही अणुभट्टी नव्हे. तिथं युरेनियम जळत नाही, साखळी प्रक्रिया चालत नाही. इलेक्ट्रॉन फिरत असतात तोवर त्यांच्यापासून क्ष-किरण निघतात, हे खरं. म्हणून तर त्या कड्याभोवती जाडजूड काँक्रीटच्या भिंती असतात आणि यंत्र चालू असताना आत माणसाला जाता येत नाही. वीज तोडली की इलेक्ट्रॉन क्षणार्धात संपतात आणि किरणही संपतात. पाहुण्यांना जिथं नेतात तिथं बारा महिने माणसं काम करतात, तीही मुलाबाळांची. मुलीला पाठवा. परत आली की भिंत किती जाड होती ते तिलाच विचारा. बघून आली असेल तर सांगेल, नाहीतर बसमध्ये गाणी म्हणत होती असं समजा, त्यातही वाईट काही नाही.

मुलगा अकरावीत, कोचिंग सुरू आहे. विज्ञान दिनाच्या व्याख्यानाला जायचं म्हणतो, त्याच दिवशी टेस्ट आहे. याचा परीक्षेला काही उपयोग होतो का?
— एक पालक, सुदामानगर

नाही होत. पाठवा. टेस्ट पुढच्या आठवड्यात पुन्हा आहेच.

शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत काम करावं की भाषणं देत हिंडावं? सरकारचा पैसा मंडप, बॅनर आणि समोशांवर जातो. शंभर मुलं येतात, फोटो निघतात, वर्तमानपत्रात बातमी येते, संपलं. यातून एक तरी शोध लागला आहे का?
— वि. ज., स्नेहनगर

तुमचा बॅनरवरचा राग मला मान्य आहे. बॅनरवर पाहुण्यांची छायाचित्रं असतात आणि विषयाचं नाव तळाशी बारीक अक्षरात. समोशाबद्दल मात्र मी काही ऐकून घेणार नाही.

शोधाचं म्हणाल तर ज्या शोधापायी आपण २८ फेब्रुवारी साजरा करतो, त्याचीच गोष्ट काढून बघा. कलकत्त्यात महेंद्रलाल सरकार नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १८७६ मध्ये वर्गणी गोळा करून एक संस्था काढली, इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. तिथं सुरुवातीला प्रामुख्यानं काय चालायचं? व्याख्यानं! प्रयोग करून दाखवत दिलेली जाहीर व्याख्यानं. सरकारांची इच्छा होती की आपल्या माणसांनी तिथं संशोधनही करावं. पण पूर्ण वेळ संशोधनाला वाहून घेणारं कुणी मिळेना, आणि ती खंत घेऊनच ते १९०४ मध्ये गेले.

१९०७ मध्ये अर्थखात्यातला एक अठरा-एकोणीस वर्षांचा अधिकारी नेमणूक होऊन कलकत्त्याला आला. ट्राममधून जाता-येता त्याला बोबाझार रस्त्यावर या संस्थेची पाटी दिसली. तो आत गेला आणि मधला रंगून-नागपूरच्या बदलीचा काळ सोडला तर पुढची दहा वर्षं कचेरीच्या आधी नि कचेरीनंतर तिथं प्रयोग करत राहिला. नोकरी सोडून प्राध्यापक झाला तो १९१७ मध्ये. तो अधिकारी म्हणजे चंद्रशेखर वेंकट रामन. पदार्थातून विखुरताना थोड्या प्रकाशाचा रंग बदलतो, हा ‘रामन परिणाम’ २८ फेब्रुवारी १९२८ ला दिसला तो त्याच इमारतीत. आणि त्यांनी ते सविस्तर सांगितलं कुठं? १६ मार्चला बंगळुरात, एका व्याख्यानात. १९३० मध्ये नोबेल.

म्हणजे व्याख्यानांसाठी बांधलेली वास्तू पन्नास वर्षांनी कामाला आली. पहिल्या वीस वर्षांतला जमाखर्च तुम्ही तपासला असतात तर कुलूप ठोकायची शिफारस केली असतीत. रागावू नका, मीही कदाचित केली असती. पण मंडप आणि फोटो यांवरून व्याख्यानाची किंमत काढू नका. दार उघडं होतं, ही त्यातली मुख्य गोष्ट. माझं गाऱ्हाणं उलट आहे. आपल्याकडे दारं वर्षातून एकच दिवस सताड उघडतात आणि त्या एका दिवशी इतकी गर्दी होते की धड कुणालाच काही विचारता येत नाही. दर महिन्याला पन्नास खुर्च्या मांडा, बॅनर नको, समोसे मी आणते.

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवातल्या व्याख्यानमालेत यंदा एक पुष्प विज्ञानाचं ठेवावं असं ठरतंय. कार्यकारिणीत दोन मतं आहेत. काही जण म्हणतात, लोक नाटकाला नि गाण्याला येतात, विज्ञानाला खुर्च्या रिकाम्या राहतील. वक्ता कसा मिळवायचा, विषय कोणता ठेवावा आणि मानधनाचं काय, हे कृपया सांगावं.
— कार्यवाह, एक मराठी मंडळ, इंदूर

कार्यवाहसाहेब, खुर्च्या रिकाम्या राहतात त्या विषयामुळे नाही, पहिल्या चाळीस मिनिटांमुळे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अध्यक्षांचं मनोगत, माजी अध्यक्षांचं मनोगत, शाल-श्रीफळ, मग वक्त्याच्या बायोडेटाचं वाचन. वक्ता उभा राहतो तेव्हा आज्यांच्या गोळ्यांची वेळ झालेली असते. एका संध्याकाळपुरतं हे सगळं दहा मिनिटांत बसवा. परिचय तीन वाक्यांचा. त्यातलं एक वाक्य वक्ता लहानपणी कुठल्या गल्लीत राहायचा याचं असू द्या, आपल्या गावात त्यानं निम्मं काम होतं.

आपल्या शहराला व्याख्यान नवं नाही. अभ्यास मंडळाच्या उन्हाळी व्याख्यानमालेला लोक घामाघूम होऊन बसतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्यामुळे श्रोत्यांची काळजी करू नका, विषयाची करा. ‘विज्ञान आणि मानवी जीवन’ असला विषय ठेवलात तर मीसुद्धा येणार नाही. विषय जेवढा लहान, तेवढं व्याख्यान रंगतं.

मी एक सुचवते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. औंढ्याच्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाईंनी केला, हे इंदुरात कुणाला सांगायला नको. एवढ्या एका वाक्यावर सभागृह ताठ होऊन बसेल. तिथं काटकोनात दोन भुजा असतील, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब, आत निर्वात, आणि टोकांना आरसे. दूर कुठं दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशच किंचित ताणलं-आकसलं जातं आणि भुजांच्या लांबीत फरक पडतो. किती? प्रोटॉनच्या हजाराव्या भागाएवढा! अमेरिकेतल्या अशा दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ ला अशी लाट पहिल्यांदा टिपली. ती सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आली होती. आपल्या वेधशाळेला एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, खर्च सुमारे २६०० कोटी रुपये. आणि या कामात पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था यांच्याबरोबर आपलं कॅटही आहे. म्हणजे वक्ता राजेंद्रनगरच्या पलीकडेच कुठंतरी बसलेला आहे. जर्मनीहून बोलवायचा नाही.

वक्ता मिळवायचा तो ओळखीतून फोन करून नव्हे. संस्थेच्या नावे रीतसर पत्र लिहा, निदान दोन महिने आधी. सरकारी शास्त्रज्ञाला परवानगी काढावी लागू शकते. पत्रात तारीख, वेळ आणि श्रोते कोण ते स्पष्ट लिहा. साठीच्या पुढचे किती, शाळकरी किती, हे वाचूनच तो तयारी करेल. मराठीत बोला अशी विनंती जरूर करा, पण ‘शुद्ध मराठीत’ असं लिहू नका. बिचारा शब्द शोधत बसेल आणि विषय राहून जाईल. डिटेक्टरला डिटेक्टर म्हटलं तर सानुनासिक आक्षेप घेणारे एक काका असतात, त्यांना पहिल्या रांगेत न बसवता मध्ये बसवा.

प्रश्नोत्तरांना अर्धा तास, घड्याळ लावून. त्याची तयारी आधीच करायची असते. जयंत नारळीकरांकडे मुलं सह्या मागायला गेली की ते म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न विचारा, उत्तराखाली सही असेल. तुम्ही फाटकावरच प्रत्येकाच्या हातात कोरं कार्ड आणि पेन्सिल ठेवा. माईक हातात आला की आपल्याकडे लोक प्रश्न विचारत नाहीत, भाषण करतात. कार्डावर जागा कमी असते. शिवाय सासूबाईंसमोर उभं राहून विचारायला संकोचणारी सून कार्डावर बिनधास्त लिहिते. पहिले तीन प्रश्न मुलांचेच घ्या. मोठ्यांचा पहिला प्रश्न ‘आपल्या पुराणांत हे आधीच सांगितलं होतं ना?’ असा येतो आणि मग गाडी दुसऱ्याच रुळावर जाते. उरलेली कार्डं वक्त्याला पाकिटात घालून द्या. जमतील तेवढ्यांची उत्तरं लिहून पाठवा अशी विनंती करा, ती मंडळाच्या फळ्यावर लावा.

प्रोजेक्टर आदल्या संध्याकाळी लावून बघा, वक्त्याच्या लॅपटॉपसकट. गणपतीसमोरची लायटिंग तेवढा वेळ बंद करावी लागेल, नाहीतर पडद्यावर काही दिसत नाही. त्याची परवानगी गणपतीची नव्हे, मांडववाल्याची लागते आणि ती मिळायला जास्त कठीण.

मानधनाचं आधीच विचारून घ्या. नोकरीतल्या माणसाला पाकीट घेता येईलच असं नाही आणि मंचावर सगळ्यांसमोर ते पुढं केलं की त्याची पंचाईत होते. शाल आणि एखादं चांगलं पुस्तक पुरे. मात्र कार्यक्रम संपल्यावर रात्री त्याला घरी कोण सोडणार, त्या माणसाचं नाव कार्यकारिणीच्या याच बैठकीत ठरवून टाका. आरती झाली की चावीवाले सगळे प्रसादाच्या रांगेत असतात.